स्टेटस-कुंडली आणि 503च्या वहिनी

प्रिय मावशी,

मी 31 वर्षांचा आहे. नेरुळला बी-403 मध्ये आईबरोबर राहतो, ऐरोलीला एका कंपनीत डेटा ॲनालिस्ट आहे. कोजागिरीला गच्चीवर दूध आटेपर्यंत काहीतरी करमणूक हवी, म्हणून मी ‘स्टेटस-कुंडली’ नावाचा कार्यक्रम केला. सोसायटीतल्या अकरा जणांचे स्टेटस, इन्स्टाच्या पोस्ट, ग्रुपवरचे फॉरवर्ड महिनाभर बघितले, प्रत्येकाचा स्वभाव लिहून काढला आणि माइकवर वाचला. नमुना देतो.

सेक्रेटरी काका: रोज पहाटे 5:42ला गुलाब, 5:44ला मेंटेनन्सची आठवण. निष्कर्ष, काका काट्यासकट फूल देतात.

पहिल्या मजल्यावरची कॉलेजकन्या: स्टोरीला फक्त आकाश. निष्कर्ष, कॅमेरा जरा खाली आला तर खोलीतला पसारा दिसेल.

सी-विंगचा ट्रेकर: हरिश्चंद्रगडाचे फोटो वर्षभर, टी-शर्ट मात्र एकच. निष्कर्ष, गड एका दिवसात चढला, उतरायला बारा महिने लागले.

सगळे हसले. 503च्या वहिनींचं असं होतं: ज्या आठवड्यात ‘माय होल वर्ल्ड’ लिहून टाकलेले जोडीचे फोटो तीनच्या वर जातात, त्या आठवड्यात घरात महायुद्ध असतं. प्रेम आणि पोस्ट यांचं प्रमाण व्यस्त. त्यालाही सगळे हसले, दादाही हसले, वहिनीही हसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी ग्रुपमधून बाहेर पडल्या. आता लिफ्टमध्ये मी असलो की ‘तुम्ही व्हा पुढे’ म्हणतात. आईकडे कडीपत्त्याला यायच्या, त्याही येत नाहीत.

माझं म्हणणं, मी फक्त त्यांनी स्वतः टाकलेलंच वाचलं. आणि हे शास्त्रीय आहे. फेसबुकचे 300 लाइक्स मिळाले तर कॉम्प्युटर माणसाला त्याच्या बायकोपेक्षा जास्त ओळखतो, असा रिसर्च आहे. आता कमिटीने 31 डिसेंबरला सगळ्या विंगांसाठी पुन्हा कार्यक्रम करायला सांगितलाय. इतक्या जणांचं हाताने जमणार नाही, म्हणून ग्रुपचा अख्खा चॅट एक्स्पोर्ट करून एआयला द्यायचा विचार आहे. देऊ का? आणि वहिनींना एवढं लागण्यासारखं त्यात काय होतं? कोजागिरीच्या रीलला दोन हजार व्ह्यूज आहेत आणि खाली सगळ्यांनी हसरे चेहरेच टाकलेत.

— गच्चीवरचा ज्योतिषी

*

ज्योतिषीबुवा,

5:42चा गुलाब वाचताना माझा चहा बशीत सांडला. 5:44चं वाचल्यावर उरलेलाही गेला. तेव्हा आधी मान्य करते, तुला नजर आहे आणि लिहिता येतं. पुढे मी जे काही बोलणार आहे ते हे मान्य करून बोलते आहे.

पण तुझाच खेळ तुझ्यावर खेळल्याशिवाय राहवत नाही. एवढ्याशा पत्रात तू हसण्याचा उल्लेख किती वेळा केलायस, मोजलंस? पाच वेळा. दोनदा सगळे, मग दादा, मग वहिनी, शेवटी रीलखालचे पिवळे चेहरे. ज्याला खात्री असते तो एकदाच सांगतो. निष्कर्ष, ज्योतिषीबुवांच्या पोटात कोजागिरीच्या रात्रीच गोळा आला होता. चुकलं असेल तर सोडून दे. बरोबर असेल तर आत्ता जे वाटलं ते लक्षात ठेव, पुढे लागेल.

तू 31 डिसेंबरचं आधी विचारलंस आणि वहिनींचं नंतर. मीही त्याच क्रमाने जाते.

आधी ते ‘शास्त्रीय’ निस्तरू. तू म्हणतोस तो अभ्यास खरा आहे, 2015 सालचा, केंब्रिज आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांचा. 86,220 लोकांनी 100 प्रश्नांची स्वभावचाचणी भरून दिली होती. त्यांनी फेसबुकवर दिलेल्या लाइक्सवरून कॉम्प्युटरने त्यांचा स्वभाव ओळखायचा, आणि ओळखीच्या माणसांनीही ओळखायचा, अशी ती स्पर्धा. 10 लाइक्समध्ये कॉम्प्युटरने ऑफिसातल्या सहकाऱ्याला मागे टाकलं, 70 मध्ये मित्राला किंवा रूममेटला, 150 मध्ये घरच्यांना आणि 300च्या आसपास नवऱ्याला-बायकोला. इथपर्यंत तुझं बरोबर. आता तू न वाचलेला भाग सांगते. ‘बरोबर ओळखलं’ हे कशावरून ठरवलं? त्या माणसाने स्वतःबद्दल चाचणीत जे लिहिलं होतं त्याच्याशी ताडून. म्हणजे माणूस स्वतःला जसा समजतो तसा तो कॉम्प्युटरला जास्त चांगला कळला. आपला नवरा स्वतःला किती शांत समजतो आणि बायकोला तो किती शांत वाटतो, यात फरक पडला तर मार्क बायकोचे कापायचे, असा तो हिशेब. शिवाय ओळखीच्यांना 10 प्रश्नांचाच छोटा कागद दिला होता. मला नाही वाटत कुठलीही बायको 10 प्रश्नांत आटपेल.

आणि मुख्य म्हणजे, ते लाइक्स होते. तू बघितल्यास पोस्ट. माणूस लाइक देतो तो लोकलमध्ये, तुर्भे ते जुईनगरच्या मध्ये, एका हाताने वरची कडी धरून, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने. कोण बघतंय याचा विचार नसतो. पोस्ट टाकताना तोच माणूस चार फोटो काढतो, त्यातला एक ठेवतो, त्यावर रंग चढवतो आणि मग पाच मिनिटांनी कोणी बघितलं ते बघतो. लाइक म्हणजे स्वयंपाकघर, पोस्ट म्हणजे दिवाणखाना. पाहुण्यांसाठी आवरलेल्या दिवाणखान्यावरून तू घरातल्या फडताळाचं भविष्य सांगत होतास.

लाइक्सवरूनसुद्धा जे कळतं ते कसं कळतं, ते बघ. त्याच मंडळींचा 2013चा आणखी एक अभ्यास आहे, 58,000 लोकांचा. त्यात हुशारीशी ज्या लाइक्सचा संबंध दिसला, त्यात कर्ली फ्राइजचं पान होतं. आपण मॉलमध्ये खातो ते वेटोळ्या बटाट्याचे तळण. आता यात कारण-परिणाम काही नाही. बहुधा कुण्या हुशार पोरांच्या टोळक्याने ते पान आधी लाइक केलं असेल आणि मग त्यांच्या मित्रांनी. सीवूड्सच्या फूड कोर्टात पोराला कर्ली फ्राइज चारून कुणी स्कॉलरशिपची वाट बघू नये. कॉम्प्युटरला हजारो माणसांची बेरीज कळते. एका माणसाचा स्वभाव सांगायला तो त्याच बेरजेतून अंदाज काढतो.

पोस्ट आणि प्रोफाइल बघून अनोळखी माणसांना किती कळतं, याचाही अभ्यास झालाय, 2010 मध्ये, अमेरिका आणि जर्मनीतल्या 236 तरुणांच्या प्रोफाइलवर. निकाल तुझ्या बाजूचा आहे. लोक तिथे वाटतं तेवढे मुखवटे घालत नाहीत. माणूस गप्पिष्ट आहे की मुखदुर्बळ, नव्याची हौस असलेला आहे की नाही, हे परक्यालाही बऱ्यापैकी ओळखता आलं. मात्र एक गोष्ट जवळजवळ कळली नाही. मनाची घालमेल. आत शांत आहे की वादळ आहे, ते प्रोफाइलवरून हाती लागेना. हे वाक्य बाजूला काढून ठेव. 503ला पोचलो की याची गरज पडेल.

बाकी आपल्या गावच्या पोस्टवरून स्वभाव सांगायचा म्हणजे आणखीच पंचाईत. फ्लेमिंगो आले की नेरुळमधला प्रत्येक जण पाम बीच रोडच्या बाजूच्या पाण्यातले गुलाबी ठिपके टाकतो. त्यावरून तो हळवा आहे, निसर्गप्रेमी आहे असं काही ठरत नाही, नेरुळला राहतो एवढंच ठरतं. आमच्या ठाण्यात दिवाळी पहाटेला राम मारुती रोडवर आणि तलावपाळीला पाय ठेवायला जागा नसते. नऊवारी, कुर्ते, गॉगल. त्या दिवसाच्या स्टोऱ्या बघून कुणी म्हणेल, ठाण्याची तरुण पिढी काय संगीतवेडी आहे! गाणी कुठली झाली ते त्यांना विचारून बघ. माझ्या डीपीला सहा वर्षं एकच जास्वंद होती. भाचीने त्यावरून मावशी स्थिर वृत्तीची, समाधानी, एका जागी रमणारी, असा निवाडा दिला. मी डीपी बदलायचा कसा ते विसरले होते. भाची अजून समाधानीच म्हणते, मी खोडत नाही.

म्हणून खेळ सोडायचा का? अजिबात नाही. तुझे तीन नमुने मला आवडले त्याचं कारण सांगते. काका गुलाब आणि मेंटेनन्स दोन्ही स्वतःच्या हाताने, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर टाकतात. तू ते फक्त शेजारी-शेजारी ठेवलंस. आकाशवालीच्या पसाऱ्याबद्दल तुला काहीच माहीत नव्हतं, ती उघड उघड थाप होती. तिने ‘काहीतरीच काय!’ म्हटलं की विषय संपला. ट्रेकरला तर टी-शर्टचं आधीपासून माहीत असणार. तिघांनाही उत्तर देता आलं असतं, आणि पुढच्या आठवड्यात काकांनी 5:44ऐवजी 5:43ला मेसेज टाकून तुला चिडवलंही असतं. थट्टा अशी हवी, ज्याची केली त्यालाही त्यात एक चाल खेळता यायला हवी.

आता एआय. चॅट एक्स्पोर्ट करू नकोस. त्या फाइलमध्ये कुणाकुणाचे नंबर, कुणाच्या सासऱ्यांच्या ऑपरेशनचा दिवस, कामवाल्या बाईंचा नंबर, गावाला गेल्यावर किल्ली कुणाकडे ठेवलीय, पाण्याच्या टँकरवरून झालेली भांडणं, सगळं एका गठ्ठ्यात असतं. गंमत म्हणून तू एकटा हो म्हणणार आणि बाकी शे-दीडशे माणसं विचारलंही न जाता बाहेर जाणार. हे मी उगाच घाबरवायला सांगत नाही. ‘तुमचा स्वभाव ओळखा’ अशाच एका निरागस चाचणीच्या ॲपमधून केंब्रिज ॲनालिटिका या निवडणूक-प्रचाराचा सल्ला देणाऱ्या कंपनीचं प्रकरण झालं. 2018 मध्ये फेसबुकनेच आकडे दिले. जगभरात 8 कोटी 70 लाखांपर्यंत लोकांची माहिती गेली असावी. भारतात ते ॲप घेतलं होतं फक्त 335 जणांनी, आणि त्यांच्या मित्रयादीतून ओढल्या गेलेल्यांची संख्या साडेपाच लाखांच्या वर. तुझ्या सोसायटीत तो तीनशे पस्तिसावा तू होऊ नकोस. व्हॉट्सॲपवर आता ग्रुपचा चॅट कुणाला एक्स्पोर्टच करता येणार नाही अशी सोय आहे. काकांना सांगून ती चालू करून घे, पहाटे 5:45चा मेसेज त्याचा असू दे.

शिवाय एआय लिहील काय? ‘तुम्ही संवेदनशील आहात पण कणखरही’ असलंच काहीतरी. ते लिहायला यंत्र कशाला हवं? इथे मी तुला 31 तारखेचा कार्यक्रमच देते. तुझ्या कुंडलीपेक्षा जास्त हशा होईल आणि कुणाला रात्री झोप येणार नाही असं होणार नाही.

1948 साली बर्ट्राम फोरर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या वर्गातल्या 39 विद्यार्थ्यांना स्वभावचाचणी दिली आणि आठवड्याने प्रत्येकाच्या हातात त्याचा-त्याचा निकाल ठेवला. किती जुळतंय त्याला 5 पैकी मार्क द्या म्हणाला. सरासरी आली 4.26. मग कळलं की सगळ्यांना शब्दन् शब्द तोच कागद दिला होता, आणि त्यातली वाक्यं बरीचशी रस्त्यावरच्या स्टॉलवरून घेतलेल्या ज्योतिषाच्या पुस्तकातली होती. तू डेटावाला आहेस, तुला यातली मजा माझ्यापेक्षा जास्त कळेल.

हेच गच्चीवर कर. आठवडाभर आधी जाहीर कर की ज्यांना कुंडली हवी त्यांनी आपल्या आवडीच्या तीन पोस्ट तुला पाठवाव्यात. ज्याला नको त्याने पाठवू नयेत, कुणी पाठवल्या नाहीत ते विचारायचंही नाही. आलेल्या पोस्ट बघायच्याच नाहीत. पाकिटावर प्रत्येकाचं नाव, आत एकच मजकूर. मी लिहून देते, कातरायचा तर कातर:

‘तुम्ही मनाने मोकळे आहात, पण मन कुणाजवळ मोकळं करायचं ते पारखून घेता. ग्रुपवर वाद पेटला की मोठं उत्तर टाइप करता आणि पाठवायच्या आधी खोडता. कुणी कौतुक केलं की “छे हो” म्हणता, पण कोण काय म्हणालं ते विसरत नाही. ग्रुप फोटो आला की आधी स्वतःला शोधता. तुमची वेळ पाळायची सवय असते, उशीर होतो तो घरातल्या दुसऱ्या कुणामुळे. तुमच्यात एक कला आहे, तिला अजून पुरता वाव मिळालेला नाही, आणि घरच्यांना तिचा पत्ता नाही. पैशाच्या बाबतीत तुम्ही सावध आहात, फक्त एका ठिकाणी हात सैल सुटतो. लोक समजतात त्यापेक्षा तुम्ही हळवे आहात, आणि वेळ आली तर लोक समजतात त्यापेक्षा खमकेही.’

सगळ्यांनी एकदम पाकीट उघडायचं, शेजाऱ्याला दाखवायचं नाही, आणि बोटांनी पाचपैकी मार्क द्यायचे. काका चार देतील, बघच. मग सोसायटीतल्या सगळ्यात धिटुकल्या पोराला माइकवर आपल्या आजोबांचा कागद वाचायला लाव. दुसऱ्या वाक्याला माना वळायला लागतील, ‘ग्रुप फोटो’पर्यंत गच्ची डोक्यावर घेतील. आमच्या नौपाड्यातल्या भिशीत मी हे केलं होतं, बारा जणींवर. एकीने पाचपैकी पाच दिले आणि सगळं उघड झाल्यावरही ‘असेल गं सगळ्यांचं सारखं, पण माझं जरा जास्तच बरोबर आहे’ म्हणाली. तिच्याशी वाद घालायला अजून कुणाची प्राज्ञा झालेली नाही.

आता वहिनी.

तू लिहितोस, ‘त्यांनी स्वतः टाकलेलंच वाचलं.’ जोडीचे फोटो त्यांनी टाकले होते, कबूल. ‘माय होल वर्ल्ड’ त्यांनीच लिहिलं होतं, तेही कबूल. महायुद्ध कुणी टाकलं होतं?

पत्राच्या दुसऱ्या ओळीत तू स्वतःच लिहिलंयस, बी-403. वहिनी 503. माझी धाकटी बहीण दहा वर्षं नेरुळला होती, त्या स्लॅबची जाडी मला ठाऊक आहे. वरच्यांचा मिक्सर लागला की चटणी ओल्या खोबऱ्याची की सुक्या, ते आम्ही खाली ओळखायचो. तुला भांडण त्यांच्या इन्स्टावर दिसलं नाही रे, ते तुला तुझ्या बेडरूमच्या छतातून आलं. कुठल्या आठवड्यात, किती वाजता, तेसुद्धा. मग तू फोटो मोजलेस, दोन्ही रकाने शेजारी मांडलेस आणि त्याला निरीक्षण म्हणालास. प्रोफाइलवरून मनातलं वादळ कळत नाही म्हटलं होतं ना मघाशी? तुला कळलं, कारण तू प्रोफाइल बघत नव्हतास. मुद्दाम केलंस असं मी म्हणत नाही. कानावर पडलेलं आणि डोळ्यांनी पाहिलेलं डोक्यात एकत्र होतं आणि मग आपल्याला वाटतं आपण चतुर आहोत. माझंही पूर्वी पुष्कळदा झालंय, आणि मी तर सल्ले देते.

गच्चीवरच्या बाकी लोकांना तो विनोद वाटला, कारण त्यांना खालून-वरून काही ऐकू जात नाही. वहिनींना त्या माइकवरून काय ऐकू आलं असेल? ‘तुमचा आवाज 403 मध्ये येतो.’ एवढंच. तेही नवऱ्याशेजारी बसून, हातात दुधाचा पेला धरून, सगळ्यांबरोबर हसत. त्या दिवसापासून घरात आवाज चढायला लागला की त्यांचं लक्ष पायाखालच्या फरशीकडे जात असणार. लिफ्टमध्ये त्यांना तू दिसत नाहीस, ज्याने ऐकलं तो कान दिसतो. काका तुला 5:43चं उत्तर देऊ शकले असते. वहिनींनी काय उत्तर द्यायचं होतं? ‘भांडत नाही हो आम्ही’?

आणि तो व्यस्त प्रमाणाचा सिद्धान्तही कच्चाच आहे. भांडण झाल्यावर जोडीचा जुना फोटो का टाकतो माणूस? कधी नवऱ्याला दिसावा म्हणून, बोलणं बंद असलं तरी स्टेटस तर तो बघतो. कधी गावाकडे आई रोज रात्री लेकीचा स्टेटस बघून झोपते म्हणून. तुला ज्यात ढोंग दिसलं ती समेटाची चिठ्ठीही असू शकते. मला माहीत नाही, आणि तुलाही माहीत असायचं कारण नाही.

एक गोष्ट गंभीरपणे विचारते, तिचं उत्तर मला पाठवायची गरज नाही. ‘महायुद्ध’ म्हणजे चढलेले आवाज, आपटलेली भांडी, एवढंच ना? की कुणी मार खातंय असं तुला कधी वाटलंय? तसं असेल तर कुंडली, रील, माफी, सगळं बाजूला ठेव. त्या क्षणी 112ला फोन लावायचा, आणि 181 हा महिलांसाठीचा नंबर आईच्या फोनमध्ये घालून ठेवायचा. वहिनींची आईशी ओळख आहे, गरज पडली तर त्या तो आईकडून घेतील, तुझ्याकडून नाही. तसं काही नसेल तर पुढचं वाच.

पहिलं काम रीलचं. दोन हजार व्ह्यूज आहेत म्हणतोस. त्यात वहिनींच्या माहेरचे किती, दादांच्या ऑफिसातले किती, मोजलेस? आज रात्रीच काढून टाक. अख्खा काढ, फक्त वहिनींचा तुकडा कापून पुन्हा लावलास तर जे हसले नव्हते त्यांनाही कळेल कुठला तुकडा कापला. सोसायटीत कुणी उतरवून घेतला असेल तर एकेकाला गाठून सांग. कारण सांगायची गरज नाही, ‘मी काढलाय, तूही काढ’ एवढं पुरे. तो कागदही फाड, ज्यावरून तू वाचलास.

मग वहिनींशी बोल. ग्रुपवर नको, त्या तिथे नाहीतच. मेसेज नको, तो पुन्हा पुन्हा उघडून वाचला जातो. लिफ्टमध्ये तर नकोच, बंद डब्यात माणसाला उत्तर द्यावंच लागतं. जिन्यात, पार्किंगमध्ये, भाजीवाल्याच्या गाडीपाशी, जिथून त्यांना सहज निघून जाता येईल अशा जागी. वाक्यं दोनच: ‘वहिनी, कोजागिरीला मी तुमच्याबद्दल वाचलं ते वाचायला नको होतं. रील काढून टाकलाय.’ ‘लागलं असेल तर सॉरी’ म्हणू नकोस, त्या ‘तर’मध्ये तू अर्धी जबाबदारी त्यांच्या खांद्यावर टाकतोस. ‘गंमत होती हो’ म्हणू नकोस. आवाज ऐकू येतो हे कबूल करायला जाऊ नकोस, त्यांना ते कळून चुकलंय आणि तुझ्या तोंडून ऐकायचं नाहीये. ‘मी आपला अंदाजाने लिहिलं’ असं खोटंही बोलू नकोस. त्या ‘असू दे’ म्हणतील, किंवा काहीच म्हणणार नाहीत. दोन्हीला मान हलव आणि वाटेला लाग. ग्रुपमध्ये परत या म्हणून गळ घालायची नाही. 31 तारखेला त्या गच्चीवर आल्या तर त्यांच्या नावाचं पाकीट तयार असू दे, नाही आल्या तर ते कुणाच्या नजरेला पडू देऊ नकोस. दादांशी स्वतंत्र बोलायला जाऊ नकोस. ते हसले त्याचा अर्थ काय होता, ते त्या दोघांचं दोघं बघतील.

आणि आईला कडीपत्त्याची जुडी घेऊन वर पाठवायचा विचार मनात आला असेल, तर पाठवू नकोस. फार तर कुंडी गॅलरीत असेल ती दाराबाहेर जिन्याशी आणून ठेवायला आईला सांग, म्हणजे बेल न वाजवता चार पानं तोडता येतील.

— मावशी